ओढ्यात काही नाही

१२ मे
दुपारीच दुकान बंद केलं – लोकांचे केस काय, उद्याही वाढलेलेच असतील – आणि रागिबबरोबर बुक्वित्साच्या ओढ्यावर गेलो. नेहमीसारखं एक वळण त्याचं, पुढचं माझं. तो वर निघून गेला. मी खडकामागे गुडघ्यांवर बसून पातं लावलेल्या गळाची सगळ्यात छोटी फिरकी वरच्या अंगाला टाकली. प्रवाहापेक्षा जरा जोरात रीळ फिरवलं, पातं चमकलं – आणि खडकाखालून ट्राउट मासा सुटला तो थेट फिरकीवर! वीतभर, लाल ठिपक्यांचा. गळाचं उलटं टोक मी चिमट्याने दाबूनच ठेवतो, त्यामुळे अलगद सुटला. दिला सोडून.

हात ओलेच होते तेवढ्यात काठावर एक परका उभा. गुडघ्यापर्यंत गमबूट, हातात पाणी मोजायचं कसलंसं यंत्र. "काका, मासे आहेत का इथे?"

"कुठले! या ओढ्यात काही नाही. बायको घरात बसू देत नाही म्हणून येतो."

हसला, काहीतरी टिपून घेतलं आणि काठाकाठाने वर चालता झाला. चांगला ओढा परक्याला कोण सांगतं!

घरी झुम्राला यातलं फक्त शेवटचं, बायकोचं वाक्य सांगितलं, तर म्हणाली, "मासे तुझे, आणि बदनामी माझी होय रे?"

३ जुलै
दुकानात दिवसभर एकच विषय. ओढ्यावर वीज काढणार म्हणे. वरच्या पुलापाशी सगळं पाणी नळात घालायचं आणि खाली गिरणीपाशी यंत्रावर सोडायचं. मधे उरणार काय? दगड. रविवारी सभा आहे.

६ जुलै
कंपनीचा माणूस आला होता. गुळगुळीत दाढी केलेला (माझ्या हातची नव्हे). म्हणाला, "ओढ्यात मासे असते तर कायद्याने पात्रात थोडं पाणी सोडावं लागलं असतं, परवानगीही मिळाली नसती कदाचित. पण मासेच नाहीत. आमच्या माणसाने इथल्याच गळ टाकणाऱ्याला विचारलंय."

माझे कान तापले.

शेम्सा आजी उठली. "कोण तो गाढव? नाव सांगा त्याचं."

नाव त्याला ठाऊक नव्हतं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी माझ्या बुटांकडे. आणि मागून रागिब उभा राहिला. "मी. मीच म्हणालो तसं."

खाली बसला. त्याच्या शेजारचा माणूस उठून दुसऱ्या बाकावर गेला. मला उठायचं होतं, पण पाय उचलेनात. – नाही, हे खोटं. पाय धड होते. मीच उठलो नाही.

वळणापलीकडून त्याने माझं बोलणं ऐकलं असणार. दुसरं काय? माझं पाप त्याने भर सभेत स्वतःच्या डोक्यावर घेतलं, आणि मी घेऊ दिलं.

७ जुलै
झोप नाही. उद्या सांगतो सगळ्यांना.

८ जुलै
नाही सांगितलं.

२१ जुलै
रागिब दाढीला आला. आत बसलेले दोघे उठले. "नंतर येतो, सुल्यो." एकाच्या तर मानेला मी कापडसुद्धा गुंडाळलं होतं!

साबण लावला. त्याच्या गळ्यावर माझा वस्तरा, आणि दोघंही गप्प. एरवी आम्ही दोघं एकत्र असलो की तिसऱ्याला बोलायला मिळत नाही. जाताना म्हणाला, "तुझी गिऱ्हाइकं पळवतोय मी. उद्यापासून घरीच करीन."

"तसं नाही रे," मी म्हणालो. एवढंच. किती नालायक असावं माणसाने!

२ ऑगस्ट
गावच्या बायका पुलावर बसल्यात. यंत्रं पुढे जाऊ देत नाहीत. झुम्रा रोज पिटा भाजून नेते, रात्रीची पाळीही करते. आज घरी आल्यावर सांगत होती – रागिब शेकोटीला लाकडं घेऊन आला होता. "मीच म्हटलं त्याला, ने परत, तुझी लाकडं नकोत आम्हाला. बरोबर केलं ना?"

मी म्हणालो, "हं."

हे मी लिहितोय खरं, पण वाचायची हिंमत नाही.

९ ऑगस्ट
एकटाच ओढ्यावर गेलो. एक फेक धड पडली नाही. फिरकी झाडात अडकली, दोरा तोडून परत आलो.

१७ ऑगस्ट
पोस्टमन सांगत होता, रागिब चाललाय. ऑस्ट्रियात, मुलीकडे. कायमचा. काठ्या, रीळ, फिरक्यांचा डबा – सगळं लोहाराच्या पोराला देऊन टाकलं. "इथे कोणासाठी राहू?" म्हणाला म्हणे.

बायको गेल्यावरही हा माणूस गाव सोडून गेला नव्हता. आणि आता माझ्यापायी जातोय. बस गुरुवारी आहे. त्याच्या आत त्याच्या पायाशी बसून आभार मानायचे, मग चौकात उभं राहून खरं सांगायचं. आधी त्याला.

२० ऑगस्ट
गेलो. बॅगा दाराशी होत्या. म्हणालो, "रागिब, तू माझ्यासाठी सगळं अंगावर घेतलंस."

"तुझ्यासाठी? काय घेतलं?"

सांगितलं.

"म्हणजे, त्या यंत्रवाल्याने वर येऊन मला विचारलं, त्याच्या आधी तुलाही विचारलं होतं?"

मी मान डोलावली.

"मी एकट्यानेच ओढा मारला असं वाटत होतं मला, सुल्यो. इतके दिवस."

कॉफी विचारली नाही त्याने.