फेरिरे आणि सेत्तिमिओचं डुक्कर

४ जानेवारी
ठरलं. यंदा सेत्तिमिओशी समेट. धाकटा भाऊ आहे, अडाणी असला तरी आपलाच. वडिलांच्या दफनाच्या वेळी त्याने थडग्यावर कोरून घेतलेलं लॅटिन चुकलंय, असं मी पाद्र्यादेखत म्हणालो, तेव्हापासून अबोला. चूक होतीच. पण मोठं मन माझं, म्हणून मीच जाणार.

५ जानेवारी
नुसतं 'झालं गेलं विसर' म्हणायला मी काय किराणावाला? 'फेरिरे' या एका लॅटिन क्रियापदावर माझी हयात गेलीय. अर्थ: मारणे, भोसकणे, बळी देणे. आणि तह करणे! कारण तह करताना रोमन पुरोहित गारगोटीने डुक्कर मारायचा. शब्द मोडणाऱ्याला देवाने असंच हाणावं, म्हणायचा. सेत्तिमिओकडे जानेवारीत डुक्कर कापतातच. याला म्हणतात योग.

९ जानेवारी
नदीवरून दगड आणला. उद्यापासून रोज सराव.

१० जानेवारी
खांदा धरलाय. सराव रद्द. थिअरी पक्की आहे.

१४ जानेवारी
एर्सिलिया म्हणते, वाइनची बाटली न्या आणि गप जेवून या. नवऱ्याचं संशोधन बायकोला कधी कळलंय? फेरिरेला स्वतःचा भूतकाळ नाही, दुसऱ्या क्रियापदाचा उसना घ्यावा लागतो, हे समजावत होतो. ती झोपली.

१९ जानेवारी, दुपार
गेलो. खाटीक सुरी परजत होता. सेत्तिमिओने खुर्ची पुढे केली. बसलो नाही. खणखणीत लॅटिनमध्ये शपथ म्हटली आणि दगड हाणला. डुक्कर ऐनवेळी हललं. कानाला लागला. दोरी तोडून ते ओढ्याकडे पळालं, अख्खी आळी मागे. धावलेल्या, घाबरलेल्या डुकराचं मांस मिठात मुरत नाही, नासतं, असं आमच्याकडे मानतात. वर्षाचं मांस ते. वहिनी पायरीवर बसून रडायला लागली. विधी तांत्रिकदृष्ट्या पूर्ण झालाय, असं मी म्हणालो. कोणी लक्ष दिलं नाही.

संध्याकाळ
सेत्तिमिओ फाटकापर्यंत सोडायला आला. मनात म्हटलं, जमलं.
तो म्हणाला, "दादा, दर वर्षी या दिवशी तुझं ताट मांडत होतो. म्हटलं, येईल कधीतरी. आता नाही मांडणार."
मग फाटक लावून घेतलं.

२० जानेवारी
एर्सिलियाने विचारलं, कसं झालं? छान झालं म्हटलं. काय जेवलात, विचारलं. ते सांगता आलं नाही.