बाईचा पुकारा

प्रिय रूपाली,

तू कोर्टाचा इतिहास मागितलास आणि मी चार दिवस कोरा कागद घेऊन बसलो. नव्या इमारतीसाठी वकील संघ स्मरणिका काढतोय, त्यात तेहतीस वर्षं शिपाई असलेल्या मामाची दोन पानं हवीत, हे तुझं म्हणणं रास्त आहे. पण तुझ्या मामाला पुकारता येतं, लिहिता येत नाही.

तरी लिहितो. इमारत इंग्रजांच्या वेळची, काळ्या दगडाची, वर मेळघाटातल्या सागाचे वासे. साहेब बदलून जायचे, वटवाघळं नाही. कोर्टामुळे गाव वाढलं हे खरं. तारखेवाल्यांसाठी चहा आला, मग टायपिंगवाले, मग झेरॉक्स, मग नांदगाव खंडेश्वरची एसटी फाटकाशी थांबू लागली. बांधावरून भांडणारे दोन्ही पक्ष एकाच टोपलीतली संत्री सोलत बसलेले मी पाहिलेत. आता कोर्ट बायपासला गेलं. चहावाला कुंदन रिकाम्या बाकांवर फडकं मारत बसतो.

त्याच फाटकासमोर तुझ्या आईनं भाजी विकून तुला शिकवलं. माझी थोरली बहीण, पण मी तिला बाईच म्हणतो. तिचं माहेरचं नाव माणिक. अकोल्याकडे लग्न झालं तेव्हा तांदळाच्या ताटात मनकर्णा लिहिलं, पण त्या नावानं तिला कुणी कधी हाक मारली नाही. सासरी तिला आपल्या गावावरून ओळखायचे, आणि तुला घेऊन परत आली तेव्हा ती पुन्हा माणिक झाली. नवऱ्याकडून मिळायच्या खावटीचा अर्ज मात्र वकिलानं मनकर्णा नावानं केला. आधीच्या तारखांना तेच तिला सोबत आत न्यायचे. एका तारखेला ते अमरावतीला गेले होते.

माझ्या नोकरीचं ते दुसरं वर्ष. बाई लिंबाखाली बसली होती, तू मांडीवर. मी व्हरांड्यातून कागदावरचं नाव, मनकर्णा, तीनदा पुकारलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, हसली आणि तुझं टोपडं सारखं केलं. शिपाई बहिणीला सांभाळून घेतो असं कुणी म्हणू नये, म्हणून मी जास्तीचा शब्द बोललो नाही. अर्जदार गैरहजर म्हणून अर्ज निकाली निघाला.

संध्याकाळी तिनं विचारलं, "खुशाल, आज मले काहून नाई पुकारलं?" मी म्हणालो, "बाई, साहेबानं निकाल तुह्या विरोधात देला." वकिलाला भेटली असती तर पुन्हा अर्ज करता आला असता. मी भेटू दिलं नाही. कायद्यानंच आपल्याला नाकारलं असं समजून ती आजवर जगली. मला फार लाज वाटते, रूपाली.

परवा फोनवर तू म्हणालीस, रेकॉर्ड हलण्याआधी आईच्या केसची नक्कल मागवली आहे, सोमवारी मिळेल. त्यात लिहिलं असेल, पुकारूनही अर्जदार गैरहजर. तू तिला विचारशील, का गेली नाहीस. ती म्हणेल, गेली होती, आणि तू कागदावर विश्वास ठेवशील, कारण तू वकील आहेस. नक्कल थांबवणं माझ्या हातात नाही. बाईला तोंडानं सांगणं इतक्या वर्षांत जमलं नाही, आता काय जमणार. एवढंच कर, तिला खोटं ठरवू नकोस. ती हजर होती. मी बघत होतो.

तुझाच, तोंड लपवून लिहिणारा
खुशालमामा