बाबांसाठी बटणांची पेटी

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (पाठीत उसण भरली आहे, म्हणून तूर्त मनातल्या मनात). तुझे गुडघे बरे असतील, भाऊजींचा खोकला आणि तुम्हा दोघांचं भांडण पूर्ववत चालू असेल, अशी आशा आहे. इकडे बाबांचा उजवा हात हलू लागला. बोलणं मात्र अर्धांगाचा झटका आल्यापासून तसंच. एक शब्द येतो आणि पुढचा यायला इतका वेळ लागतो, की तोवर ऐकणारा आपल्या मनानं वाक्य पुरं करून उठून गेलेला असतो. उभा जन्म छापखान्यात यंत्रांच्या वर आवाज चढवून बोललेला माणूस, ताई. मला बघवेना.

म्हणून मी त्यांच्यासाठी पेटी करायला घेतली. पलंगाशी बटणं, स्वयंपाकघरात छोटी स्क्रीन, मधे तार. 'पाणी'चं बटण दाबलं की स्क्रीनवर 'पाणी' यायचं. पेटीत मायक्रोकंट्रोलर नावाची नखाएवढी चिप असते. ती शब्दाचे तुकडे करून एकामागून एक तारेवरून सोडते. मात्र सोडणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा वेग आधीच जुळवावा लागतो. मधेच 'थांब, कळलं नाही' म्हणायची सोय नाही. (रोज लिफ्ट दुरुस्त करून अख्खी इमारत वरखाली करणाऱ्याला यात काय अवघड, असं मी घरात जाहीर केलं होतं. ते तेवढं करायला नको होतं.)

बाबांनी पहिलं बटण दाबलं आणि स्क्रीनवर चौकोन आणि प्रश्नचिन्हं उमटली. तुझी भावजय मनानं चांगली. तिनं आधी पाणी नेलं, मग पांघरूण, मग चष्मा. बाबा नुसती मान हलवत राहिले. त्यांना खिडकी उघडून हवी होती. मी तारा उलटसुलट केल्या, स्क्रीन बदलली, दुकानदाराशी भांडलो. नाचता येईना अंगण वाकडं. शेवटी माहितीपुस्तक उघडलं. त्यातलं 'प्रथम हे वाचा' हे पान मी अर्थातच सोडलं होतं. वेगाचं माझं गणित बरोबर होतं, पण चिपमधलं घड्याळ कारखान्यातूनच आठपट सावकाश लावून आलेलं. चिप नीटच बोलत होती, फक्त हळू. स्क्रीन घाईनं ऐकत होती. स्क्रीनचा वेग उतरवला आणि 'खिडकी' अशी स्वच्छ अक्षरं आली. दुकानदाराची माफी मागायला तुझ्या भावजयीला पाठवलं.

काल दुपारी बाबांनी मला जवळ बोलावलं, पेटी बाजूला सारली आणि तोंडानं बोलू लागले. मी सवयीनं शब्द पुरवायला गेलो, तर त्यांनी असे डोळे वटारले की गप्प बसलो. बराच वेळ गेला. वाक्य पुरं झालं ते असं: "पेटी चांगली आहे. पण मला खिडकीपेक्षा जास्त बोलायचंय."

मला रडू आलं, हे लपवत नाही. बाकी काळजी नसावी. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. पेटी वाया गेलेली नाही. आता तुझी भावजय आमच्या पलंगावरून बटण दाबते आणि स्वयंपाकघरातून पाणी मी नेतो.

पुन्हा ता. क. पत्र खरं तर एवढ्यासाठीच लिहिलं. फोन करशील तेव्हा हाताशी वेळ ठेवून कर. तू "कसे आहात बाबा?" असं विचारतेस, मग घरचं सगळं सांगतेस आणि "बरं, ठेवते" म्हणतेस. तेव्हा ते तुझ्या पहिल्या प्रश्नाचंच उत्तर देत असतात.