रिकामा खण

३ जून, सोमवार
आजपासून रोजनिशी. आजपासून वेळेवर घरीही. घरी कोणी नाही, पण सवय असावी. बायको माहेरी आहे. रविवारी न्यायला आलास तर येते, नाहीतर इथल्या शाळेत नोकरी धरते, म्हणाली. गंमत करते.

काम किरकोळ. गोदामाच्या मशीनवर आजोबांचा जुना प्रोग्राम चालतो. आजोबा म्हणजे आमचे सगळ्यात सीनियर प्रोग्रामर, गेल्या वर्षी वारले. माझा प्रोग्राम इथून त्याला हाक मारणार, सोबत एक खण पाठवणार. त्यात माल कुठे ठेवलाय ती जागा भरून परत यायची. याला आउट पॅरामीटर म्हणतात. उद्या उडवतो.

खण रिकामा ठेवला की प्रोग्राम कुरकुरतो, म्हणून काहीतरी टाइप केलं. तेव्हाच बायको फोनवर विचारत होती, कधी येतोस? आलोच, म्हणालो. एका वेळी दोन कामं, ही आपली खासियत.

४ जून
हाक मारली. खण उघडला. आत: आलोच.

अंगावर काटा आला. आजोबांना हाक मारली की ते जागचे न हलता हेच म्हणायचे. पुन्हा मारली. आलोच. मागे त्यांची खुर्ची किंचित फिरली. एसी असेल.

५ जून
भुताखेतांवर माझा विश्वास नाही. फक्त बसायची जागा बदलून घेतली.

गोदामात फोन केला. आमच्याकडे तर जागा बरोबर भरली जातेय, म्हणाले. म्हणजे वाटेत कोणीतरी पुसतंय. खरं सांगायचं तर टरकली आहे.

८ जून, शनिवार
बॅग भरली. पण आजोबांना असं अर्धवट टाकून कसं जायचं? बायकोला कळवलं, सोमवारी आलोच. तिने नुसतं 'बरं' लिहिलं. समजूतदार आहे.

९ जून
ऑफिसात एकटा. आजोबांच्या कपात चहा करून खुर्चीसमोर ठेवला. काय राहिलंय, विचारून हाक मारली. आलोच. कधी, विचारलं. आलोच. चहा गार झाला.

१० जून
टेस्टरबाईंनी कोड पाहिला. म्हणाल्या, खणावर 'आउट' लिहायचंच राहिलंय. तिकडे तुमचा खण जात नाही, नक्कल जाते. ती तिथे इमानेइतबारे भरली जाते, पण परत आणा असं तुम्ही सांगितलंयत कुठे? इथे तुमचंच टाइप केलेलं तसंच पडून आहे.

सगळे हसले. मीही हसलो. एक शब्द घातला, जागा आली. आजोबा गेले. वाईट वाटलं. आठवडाभर कोणीतरी येतंय असं वाटत होतं.

बायकोला मेसेज: काम संपलं, आता तूच ये. लगेच उत्तर: आलोच.

बघा! घर झाडलं. तिच्या बाजूची उशी उन्हात टाकली. दाराला कडी न लावता वाट बघतोय.

११ जून
आली नाही. जिन्यात पावलं वाजली, वरच्या मजल्यावर गेली.

मेसेज पुन्हा वाचला. ती नेहमी 'आलेच' म्हणते. 'आलोच' म्हणणारा या घरात मी एकटाच.