आणि इतर

माननीय सचिवसाहेब,

वर्षातल्या शेवटच्या बैठकीसाठी अध्यक्षांचं आभाराचं भाषण मी लिहिलं होतं. ऐन वेळी त्यातली झाडूवाल्या अकरा बायकांची नावं खोडून तुम्ही 'आणि इतर' लिहिलंत. "अम्मा, ही काय हजेरी आहे?" असंही मला तुमच्या तेलुगू वळणानं म्हणालात. अधिकाऱ्यांची नावं मात्र पदासकट राहिली.

त्या अकरांतली केसरबाई माझी आई. "आज तुझं नाव घेतील," असं मीच तिला सांगितलं होतं. सुलतान बाजारातली नवी साडी नेसून ती दाराशी उभी होती. 'इतर'वर तिनंच जोरात टाळ्या वाजवल्या.

बसमध्ये म्हणाली, "माझं नाव कवा आलं गं? ऐकूच नाही आलं."

"आलं होतं, माय."

तिचं काम तुमच्या सहीवर चालतं, म्हणून हे पत्र माझ्याकडेच राहील. पण तिच्याशी मी पहिल्यांदा खोटं बोलले, ते तुमच्यामुळे.

केसरबाईची मुलगी,
सुमेधा