तिसऱ्या प्रश्नाआधी आलेलं उत्तर

प्रिय डावखुऱ्या,

पत्र बघून दचकू नकोस. रिंगबाहेर मी तुझ्याशी कधी दोन शब्द बोललो नाही. पंचानं खेळाडूशी सलगी करू नये हा माझा नियम. आज तो मोडतोय. काल तुझी आई वर्कशॉपमध्ये आली होती. मी लेथ बंद करेपर्यंत दारातच उभी राहिली. म्हणाली, तू टायरच्या दुकानात जातोस, पण डाव्या हातात पानासुद्धा धरत नाहीस. गिऱ्हाईकं तोंडावर म्हणतात, "हाच तो. बेकरीवाला अर्धमेला झाला तरी हा मारतच होता." आणि तू म्हणे मान डोलावतोस. बाकी सगळं मी ऐकून घेतलं असतं, पण हे मान डोलावणं मला झेपलं नाही.

मी कोण, हे तुला नीट ठाऊक नसेल. सातवीत शाळा सुटली. बॉक्सिंगच्या नियमांचं पुस्तक मांडीवर आणि शब्दकोश शेजारी, असं तीन वर्षं वाचलं. त्यातल्या छपाईच्या दोन चुका मी संघटनेला कळवल्या आणि पुढच्या आवृत्तीत त्या दुरुस्त झाल्या. हे सांगताना अजून छाती फुगते, काय करू. ते तीन प्रश्नही माझेच. पडलेला उठला की आठ मोजायचे आणि विचारायचं: कितवी फेरी? समोर कोण? तुझा कोपरा कुठला? पुस्तकात इतकं नेमकं काही नाही, ते मी बसवलं. आता चौदा पंच तेच विचारतात, त्याच क्रमानं. रिंगच्या डॉक्टरीणबाई एकदा बैठकीत म्हणाल्या, "प्रश्न बदलत जा. आणि उत्तराआधी डोळे आणि पाय बघा. पाठ केलेलं माणूस शुद्ध नसतानाही म्हणतो." मी सगळ्यांदेखत म्हणालो, "बाई, टाके तुम्ही घाला, मोजणी आमच्याकडे राहू दे." सगळे खो खो हसले. मी सर्वांत जास्त.

आता तो शनिवार. दुसरी फेरी, एक मिनिट दहा सेकंद. तुझा डावा सरळ ठोसा बेकरीवाल्याच्या हनुवटीवर बसला. आवाज ओली गोणी जमिनीवर आपटावी तसा. त्याचं डोकं मागे फेकलं गेलं, माउथगार्ड उडून टेबलावर गुण देणाऱ्यांच्या कागदांवर पडला, लाळ आणि रक्तासकट. तो सरळ मागे कोसळला, हात न टेकता. डोक्याची मागची बाजू फळीवर आपटली, कॅनव्हासखालची फळी मला बुटांतून जाणवली. चारला तो गुडघ्यावर आला, सहाला उभा राहिला. मी आठ मोजले. विचारलं, कितवी फेरी? तो म्हणाला, "दुसरी. डावखुरा. लाल."

नीट वाच. मी एकच प्रश्न विचारला होता. दुसरा आणि तिसरा माझ्या तोंडातच होते, आणि उत्तरं आली. एका दमात, वर्गात पाढा म्हणावा तशी. डोळे माझ्याकडे नव्हते, माझ्या कानामागे कुठेतरी होते. डावा पाय घसरत होता, तो पुन्हा पुन्हा उचलून जागेवर ठेवत होता. हे सगळं मी पाहिलं. माझी नजर वीस वर्षं शतांश मिलिमीटर पकडते, तिला हे दिसलं नाही असं मी देवासमोरही म्हणणार नाही. पण त्या दिवशी वरच्या श्रेणीचे परीक्षक पहिल्या रांगेत बसले होते, माझंच मूल्यमापन होतं. उत्तरं तिन्ही बरोबर होती. आणि खरं सांगू? आपली पद्धत घड्याळासारखी चालली याचा मला आनंद झाला. मी हात खाली केला आणि लढत पुन्हा सुरू करायला ओरडलो, "बॉक्स!"

मग तू काय केलंस? तू मारलं नाहीस. चित्रीकरण मी सतरा वेळा बघितलंय, हातात स्टॉपवॉच घेऊन. तू अकरा सेकंद नुसता त्याच्याभोवती फिरलास. दोनदा हात खाली घेऊन माझ्याकडे पाहिलंस. दुसऱ्यांदा तर मानेनं त्याच्याकडे खूण केलीस, की बघा याच्याकडे. एकवीस वर्षांच्या पोराला जे दिसलं, ते तू पंचाला दाखवत होतास. आणि पंचानं काय केलं? लढत थांबवली आणि तुला ताकीद दिली. तू लढत नाहीस म्हणून! "हात चालव, नाहीतर गुण कापीन." हे माझे शब्द आहेत. ते चित्रीकरणात ऐकू येत नाहीत, लोक ओरडत होते. ते फक्त तुला आणि मला ठाऊक आहेत.

त्यानंतर एकोणीस सेकंद. नऊ ठोसे. पहिल्या तीन ठोशांना त्याचे ग्लोव्ह्ज वर आले, चौथ्यापासून आले नाहीत. पाचव्याला भुवई फाटली. सातव्याला तो दोरांवर होता, तू पुन्हा माझ्याकडे पाहिलंस आणि मी बोटानं खूण केली, चालू दे. नवव्यानंतर तो दोरांवरून घसरत खाली आला आणि त्याची टाच कॅनव्हासवर आपटत राहिली, एकसारखी. ती टाच डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हातांनी दाबून धरली. तेव्हा कुठे मी दोन्ही हात वर करून लढत संपवली. अगदी पुस्तकातल्या चित्रासारखे.

तो जगेल. परवा भेटून आलो. बहिणीला ओळखतो, पण तिचं नाव घेताना अडकतो. उजव्या हातातून चमचा पडतो आणि पडला हे त्याला कळत नाही. व्हरांड्यात त्याचा प्रशिक्षक भेटला. मी त्याच्यावर डाफरलो, लढत सोडायला टॉवेल का नाही टाकलास? तो म्हणाला, "पंचकाका, उत्तरं बरोबर आली ना, मला वाटलं ठीक आहे. तुमचे प्रश्न सगळ्यांनाच पाठ आहेत. फेरी सुरू व्हायच्या आधी मीच कानात सांगतो, दुसरी, डावखुरा, लाल. सगळेच सांगतात. तुम्हाला माहीत नव्हतं?" कानावर आलं होतं रे. माझे प्रश्न पोरं पाठ करतात याचं मला कौतुकच वाटलं होतं.

माझ्या अहवालात मी एक ओळ लिहिली: "मोजणीनंतर खेळाडूने तिन्ही प्रश्नांची अचूक उत्तरे दिली." त्यात एकही शब्द खोटा नाही. आणि त्या ओळीमुळेच चौकशी समितीनं मला मोकळं केलं. पंचानं तपासलं होतं, मग चूक कुणाची? उरलास तू. तुझी आई सांगत होती, संघटनेच्या चिटणीसांनी माफीनामा टाइप करून पाठवलाय, "भान हरपून प्रतिस्पर्ध्यावर अनावश्यक प्रहार केले" असा, आणि सही केलीस तर दोन वर्षांच्या बंदीवर भागेल म्हणाले. पेन घेऊन तू दोन दिवस त्या कागदासमोर बसलायस. म्हणून हे लिहिलं. लढत थांबवायचा अधिकार रिंगमध्ये एकट्या पंचाचा असतो, त्यामुळे ते नऊ ठोसे माझे आहेत. आज सकाळी मी समितीला दुसरा अहवाल दिला, चार पानी, ताकीद आणि बोटाची खूण सेकंदांसकट. त्यांनी पंचगिरी काढून घेतली तर घेऊ देत, बेकरीवाल्याच्या बहिणीनं कोर्टात खेचलं तर तिथेही हेच सांगेन. एक प्रत सोबत जोडलीय. आईला वाचून दाखव. आणि त्या माफीनाम्यावर सही करू नकोस. तिथे माझी सही हवी आहे.

ज्याच्याकडे तू तीनदा पाहिलंस, तो तुझाच
पंचकाका