शालूची चांदी

नल्लकुंटा, हैदराबाद
१४ नोव्हेंबर २०२४

ती. भागाक्कास धाकट्या बहिणीचा, जयवंतेचा नमस्कार.

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. माझ्या डोळ्यांतला पांढरा भाग करडा दिसायला लागला, म्हणून युवराजने मला धरून डॉक्टरकडे नेलं. मला वाटलं मोतीबिंदू. डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पाहिलं आणि विचारलं, "अम्मा, चांदी का काम करते थे क्या?"

"हौ, बीस साल."

"वो चांदीच बैठ गई आँखों में. अब जाती नई. पर नजर को कुछ नई होता, डरो नक्को."

युवराज हसून म्हणाला, "आई, आता तुला लॉकरमध्ये ठेवायला पाहिजे!"

तेव्हापासून गौलीगुड्याची आपली भट्टी डोळ्यांपुढून हलत नाही. जुन्या जरीच्या साड्यांची गाठोडी यायची. जाळल्यावर रेशीम जायचं, जर उरायची, ती मी चांदी काढायला तेजाबात विरघळवायची. तू दारातून ओरडायचीस, "जये, डोळे सांभाळ!" माझी बोटं तेजाबाने काळी, म्हणून मिरचीची भजी तूच भरवायचीस. किती गोड दिवस होते गं ते! तुझं तेव्हा ऐकलं नाही. आता ऐकायचं म्हटलं तर तू बोलत नाहीस.

अक्का, आईचा शालू तू नेला नव्हतास.

आईने त्याला ऊन दाखवून जुन्या लुगड्यात बांधून भट्टीजवळ ठेवला होता. मला ते कामाचं गाठोडं वाटलं. न सोडताच भट्टीत टाकलं. रेशीम जळालं आणि राखेत जरीचे पोपट उरले, काठावर होते तसेच रांगेने. मी ओळखले. संध्याकाळी आईने तुझं नाव घेतलं, तेव्हा मी खाली मान घालून भात कालवत बसले.

आबांच्या माराची भीती होती, असं स्वतःला सांगत आले. आबा जाऊनही वीस वर्षं झाली. आईच्या तेराव्याला तू पाणी न पिता परतलीस, तरी मी गप्पच. मग भीती कुणाची होती?

काल जेवताना युवराजला सगळं सांगितलं. तो ताटावरून उठला. मला फार लाज वाटली.

शालू कुठून परत देऊ? त्याची चांदी केव्हाच बाजारात गेली. थोडी माझ्या डोळ्यांत राहिली असेल, ती माझ्याबरोबरच जळेल. त्याआधी एकदा ये. शिव्या दे, पण पाणी पिऊन जा.

खरी चोर,
तुझी जये